बंद सर्व्हरने दिलेली पोच

या सदरात आजवर मी फक्त भांडायला आलेय. कुणाला पिंपळाखाली बाई दिसली की खाली पहिली कॉमेंट माझी — "फोटो का नाही काढलात?" माझं मत अजूनही तेच आहे. भूत, करणी, संकेत... लोकांना घाबरवून गप्प बसवायचे धंदे आहेत सगळे. तरी आज लिहितेय, कारण या वेळी फोटो आहे आणि त्याचा उपयोग शून्य.

डोंबिवली पूर्वेला, इंडस्ट्रियल एरियाच्या कडेला आमची वस्ती. मागे एक केमिकल कंपनी. नाव लिहीत नाही, प्रकरण चालू आहे. वास असा की डोळे चुरचुरतात. आमचा गट दोन वर्षं पत्रकं वाटतोय आणि अधिकारी दोन वर्षं एकच ऐकवतायत — "त्या भागातून तक्रारच नाही." नसणारच! ज्या घरात वास येतो त्याच घरातला माणूस त्या कंपनीत शिफ्टला जातो. नाव फुटलं की दुसऱ्या दिवशी गेटबाहेर.

म्हणून आम्ही वेबसाइट काढली. फोनवरून तक्रार करा, लगेच नंबर घातलेली पोच मिळेल. आमच्या गटातला तुषार सर्व्हरचंच काम करतो, विठ्ठलवाडीला राहतो. त्याने दोन मशीन जोडली. पुढचा वेब सर्व्हर भाड्याचा, बाहेर कुठेतरी. मागचा ॲप्लिकेशन सर्व्हर म्हणजे त्याच्या घरातला जुना कॉम्प्युटर. नावं ठेवणं, नंबर देणं, पोच बनवणं, सगळं मागच्यावर. पुढचा म्हणजे सरकारी ऑफिसातला खिडकीवरचा माणूस — कागद घ्यायचा, आत सरकवायचा, आतून आलेलं बाहेर द्यायचं. आत कोणी नसेल तर "उत्तर येत नाही" एवढंच पान दाखवायचं. त्याला स्वतःला काही येत नाही, आणि हे मुद्दाम केलेलं. बाहेरचं मशीन कोणी फोडलं तरी एकही नाव हाती लागू नये म्हणून.

शेजारच्या कांबळे काकूंची सून रुपाली सात महिन्यांची गरोदर. वासाने तिला धाप लागायची, म्हणून उल्हासनगरला माहेरी गेलेली. वास थांबेपर्यंत परत आणू नका असं डॉक्टरांनी सांगितलेलं. काकू म्हणाल्या, "माझं नाव घाला बिनधास्त. मला कोण काढणार? मी कुठे नोकरीला आहे?"

शेवटी एकदाचे ठाण्याहून प्रदूषण मंडळाचे साहेब पाहणीला आले. नेमका त्या सकाळी वारा उलटा, वास जेमतेम. सोबत कंपनीचा मॅनेजर, हसतमुख.

"ताई, हा तर गटाराचा वास आहे."

"मग एक गटार तुमच्या केबिनमध्ये काढून घ्या ना," मी म्हटलं.

साहेब घड्याळ बघत होते. "मॅडम, आत्ताची तक्रार नोंदलेली आहे का? असेल तर आत जातो. नाहीतर मला पुढे भिवंडीला जायचंय."

मी काकूंना खूण केली. त्या टाइप करायला लागल्या आणि तेवढ्यात तुषारचा फोन. "अगं, साइट दाखवू नकोस! शुक्रवार आहे. लाइट गेलीये."

शुक्रवार! दुरुस्तीसाठी शुक्रवारी लाइट जाते हे आमच्याकडे शाळेतल्या पोरांनाही पाठ असतं. साहेबांची तारीख मिळाली या आनंदात आमच्यापैकी एकानेही वार बघितला नव्हता. इन्व्हर्टर घ्यायचं बैठकीत ठरलेलं. ठरलेलंच.

"मशीन पूर्ण बंद?"

"काळंठिक्कर. मी समोर उभा आहे त्याच्या."

मी काकूंचा हात धरणार, तोवर त्यांनी बटण दाबलेलं.

"आली गं पोच," काकू म्हणाल्या.

मला वाटलं, चष्मा नाही, एररचं पान बघून बोलतायत. फोन घेतला. वर आमची हिरवी पट्टी. काकूंचं नाव. ओळीने येणारा पुढचा नंबर. आणि खाली — "कूलिंग टॉवरमागचं झाकण उघडून बघा."

काकूंनी लिहिलेलं फक्त "वास येतोय, डोळे जळतात." आमच्या प्रोग्रामला तीनच वाक्यं येतात, तुषारने माझ्यासमोर बसून लिहिलेली. त्यात टॉवर नाही, झाकण नाही. मी त्या कंपनीच्या गेटच्या आत कधी पाऊल टाकलेलं नाही.

साहेबांनी फोन माझ्या हातातून घेतला, वाचला, त्याचा फोटो काढला. मॅनेजर वाकून वाचायला गेला आणि त्याचं हसू गेलं. "साहेब, ते आतलं ड्रेनेज..."

"चला, बघू तरी."

झाकणाखाली पाइप होता. थेट नाल्यात जाणारा. त्याच दिवशी त्याला सील लागलं.

दुपारी लाइट आली. तुषारने मशीन चालू केलं. काकूंची तक्रार त्यात नव्हतीच. त्यानंतर दुसऱ्या एकाने तक्रार केली, त्याला तोच नंबर मिळाला! तुषारचा पहिला अंदाज, पुढच्या मशीनमध्ये कोणीतरी घुसून बसलेला. कंपनीतलाच एखादा कामगार, ज्याला झाकण माहीत होतं. मी हे गच्च धरून ठेवलं, मला हेच हवं होतं. पण नंबर कितीवर आलाय हे पुढच्या मशीनला कळतच नाही. तुषारने ते पूर्ण पालथं घातलं. काही नाही.

"मग?"

"मग मला विचारू नकोस."

रुपाली फोनवर म्हणाली, "सासऱ्यांनीच सांगितलं असेल. तिथेच तर होते कामाला." काकू उसळल्या, "जिवंतपणी भाजी काय आणू ते कधी सांगितलं नाही त्या माणसाने, आता झाकण सांगतोय?"

मग कंपनीची हरकत आली. पोच बनावट आहे, सील काढा. आणि ही कोणत्या मशीनने दिली ते संस्थेने लेखी सांगावं. आमच्या गटातले जोशी सर म्हणाले, "लिही की, आमच्या सर्व्हरने दिली. विठ्ठलवाडीला कोण बघायला येतंय?" पण त्या वेळी तिथे लाइट नव्हती हे कोणीही शोधून काढू शकतं. खोटं पकडलं गेलं तर बाकीच्या खऱ्या तक्रारीही कचऱ्यात. खरं लिहिलं तर हसं, आणि सील गेलं तर रुपाली माहेरीच. मी काकूंकडे जाऊन बसले.

"पाइप होता का?" काकूंनी विचारलं.

"होता."

"मग तेवढं लिही. बाकीचं माहीत नाही तर माहीत नाही लिही. त्यात काय लाजायचं?"

तसंच लिहिलं. पोच सर्वांसमोर आली, आमचं मशीन तेव्हा बंद होतं, ती कुठून आली मला माहीत नाही. कंपनीच्या वकिलाने ते सुनावणीत मोठ्याने वाचलं आणि हसला. माझे कान गरम झाले. साहेब हसले नाहीत. "पोच बाजूला ठेवा," ते म्हणाले. "पाइप कोणाचा, ते सांगा."

सील कायम आहे. रुपाली गेल्या आठवड्यात घरी आली.

वस्तीतले काही जण आता म्हणतात, कॉम्प्युटरला नारळ फोडा. त्यांच्याशी माझं कडकडून भांडण होतं. पण नवीन तक्रार आली की मी आधी तुषारला फोन लावते — मशीन चालू आहे ना? तो हो म्हणाला की मगच पोच उघडते. कशाला, ते मलाही सांगता येत नाही. ती ओळ ज्या कोणी पाठवली असेल त्याने समोर यावं. नाव आम्ही फोडत नाही.