तोरणाखालचा सवाल

आमच्याकडे पोळ्याला सजवलेले बैल तोरणाखाली उभे राहतात आणि तोरण तुटण्याआधी लोक झडत्या म्हणतात. झडती म्हणजे चार ओळींत कुणाचीही बिनपाण्याने हजामत. आणि ज्याची होते त्याने हसायचं, असा रिवाज.

बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. पगारातून व्यवसाय कर कापायला लागल्यापासून ते धुमसत होते. त्यात गिरण्यांना विक्रीकर माफ करणारं विधेयक विधानसभेत आवाजी मतदानाने मंजूर झाल्याचं पेपरात आलं. आवाजी, म्हणजे कोण काय ओरडलं याचा पत्ता नाही. बाबांना नेमका तोच हवा होता.

आईला एवढंच हवं होतं की बाबांची बदली होऊ नये. मी बसने आर्वीच्या शाळेत जायचे, नववीत होते. "पोराईच्या शिक्षणाचं पाहा. पोळ्यात तोंड उघडू नका," ती म्हणाली.

पोळ्याला आमदार पाहुणे. बाबांनी तोंड उघडलं.

"मास्तराचा कर कापते सरकार महिन्याले,
माफ केला सारा कर गिरणीच्या धन्याले!
आमदारसाहेब, तवा तुमी होते कोनीकडं?
होय म्हनलं का नाई, सांगा तोरणापुढं!"

गाव हर हर महादेव करून थांबलं. आमदार रिवाजाप्रमाणे हसले आणि घाईत खरं बोलून गेले, "मी तवा च्या प्यायले गेलतो!" लोक इतके हसले की बैल बुजले.

दिवाळीनंतर बाबांची बदली झाली, पार तालुक्याच्या दुसऱ्या टोकाच्या गावी. मला आर्वीत मावशीकडे ठेवलं. मला बाबांचा भयंकर राग आला होता. एका झडतीपायी माझं घर सुटलं होतं.

पुढच्या पोळ्याला मी त्या नव्या गावी गेले. नशीब बघा, तिथेही पाहुणे तेच आमदार. बाबांना पाहताच ते आपणहून म्हणाले, "मास्तर, या खेपेच्या मतदानाले मी सभागृहातच होतो!"

"मंग काय म्हनलं? होय का नाई?"

आमदारांना एकदम दुसऱ्या गावच्या पोळ्याची आठवण झाली. जीप गेली.

पुन्हा बदली. या वेळी हिंगणीकडे, त्यांच्या मतदारसंघाबाहेर. सामान बांधायला मी गेले, पण आता आई बाबांना फाडून खाणार, म्हणून दारातच थांबले. ती भांडी पोत्यात भरत होती.

"त्यानं सांगतलं का मंग?" तिने बाबांना विचारलं.

"नाई."

"तिकडंबी कोनी आमदार असनच," पोत्याचं तोंड आवळत ती म्हणाली. "त्याले इचारजा."