रिकामा तळहात

पूजेची भांडी चिंचेनं घासायला घेतलेली, त्यातली अर्धी लख्ख झाली होती. तांब्या आणि समई अजून काळीच होती. नेत्रावती हात धुवायला म्हणून न्हाणीकडं निघाली आणि खोलीच्या दारातच थबकली. आत तिची लेक सुधारानी मांडी घालून बसली होती. डावा तळहात छातीसमोर, नजर त्यावर खिळलेली, ओठ हलत होते.

नेत्रावतीला भरून आलं. भालकीच्या त्या गल्लीत शेजारणी म्हणत, नेत्राक्काच्या हाताला बरकत आहे, डब्यात काही नसलं तरी पाहुण्यापुढं ताट येतं. पण पोरीला पूजेला बसवणं काही त्या हाताला जमलं नव्हतं. सोळा वर्षांची सुधारानी सकाळी गळ्यातलं लिंग तळहातावर घ्यायची ते दोन मिनिटं, आणि मग मोबाइलवर जपानी चित्रं बघत बसायची.

"कार्टून न्हवं अव्वा, अ‍ॅनिमे म्हण," असं आईलाच बजावायची.

त्यातली निळ्या केसांची पोरगी नुसता हात पुढं धरायची, की हवेतून तलवार यायची, किल्ली यायची, थंडी वाजली तर पांघरूणसुद्धा. सासू गुरुबाई म्हणायच्या, "ज्वारीचं पोतं काढती का इचार की तिला. दळून मी आणते."

नेत्रावती पाय न वाजवता स्वयंपाकघरात आली. "अत्त्या, सुधा लिंगपूजा करायली. पापणी सुद्धा हलवंना."

गुरुबाई शेंगा सोलत होत्या. "विभूती लावली व्हती?"

"दिसली न्हाई."

"पाण्याचा तांब्या?"

"तांब्या तर हितंच हाय, घासायचा पडलाय."

"मंग कसली पूजा म्हणायची ही? आन् काल दुपारधरनं पोटात दुखायलंय म्हणून जेवली न्हाई, ते तरी खरं हाय का?"

लिंग हरवलं तर दुसरं गळ्यात पडेपर्यंत अन्नपाण्याला शिवायचं नाही, हे या घरातल्या पोरींना चालायला लागल्यापासून ठाऊक. नेत्रावती परत खोलीत गेली आणि लेकीच्या मानेला हात लावून बघितला. शिवदाराचा दोरा नव्हता. दोऱ्यातली चांदीची डबी, करडगी नव्हती, आणि करडगीतलं लिंगही.

"कुठं हाय?"

सुधारानीनं खाली बघत सांगितलं. काल कॉलेजच्या गॅदरिंगात तिनं त्या निळ्या केसांच्या पोरीचं सोंग घेतलं होतं. झग्यावर दोरा दिसायला लागला म्हणून करडगी काढून बाकाच्या कप्प्यात ठेवली. परत येऊन बघते तर खुर्च्या मांडायला म्हणून कुणीतरी बाक हलवलेले.

"आन् आता हात धरून काय करायलीस?"

"ती करती तसं." सुधारानीनं हात ओढणीखाली घेतला. "खोटं हाय ते, कळतंय मला. तरी करून बघितलं. रातीपासनं किती येळा."

"मला कामून न्हाई सांगितलीस?"

पोरगी दाराकडं बघत होती. तिथं गुरुबाई येऊन उभ्या होत्या.

"आज्जीच म्हणती की, लिंग गेलं म्हंजे प्राण गेला."

गुरुबाईंचा हात आपल्या करडगीवर गेला. त्या उंबऱ्यावरच बसल्या. "पाणी तरी पिलीस का?"

सुधारानीनं मान हलवली. नाही.

"पी म्हणावं का म्हणू न्हाई," गुरुबाई सुनेला म्हणाल्या, "मला समजंना गं. सगळा जन्म हेच सांगत आले मी."

नेत्रावतीच्या मनात एक वाईट विचार आला. कपाटात एक जुनी रिकामी करडगी होती. परसात काळे गुळगुळीत खडे पडले होते. 'सापडली बाई' एवढं म्हटलं की पोर जेवली असती. पण मग जन्मभर त्या तळहातावर ती काय बघत बसली असती? डब्यात नसलेलं वाढायची नेत्रावतीला सवय होती. हे मात्र तिच्या हातून होईना.

तिनं पेला भरून लेकीपुढं ठेवला. "पी. पाप लागलं तर मला लागू दे."

सुधारानीनं पेल्याला हात लावला नाही. गुरुबाई पुन्हा शेंगा घेऊन बसल्या, पण सोलल्या नाहीत.

चिंचेचा चोथा भांड्यांवर वाळत चालला होता. नेत्रावतीनं हात तसेच पदराला पुसले, पदर डोक्यावर घेतला. तिथं नाहीच सापडलं तर मठात अय्यांकडं जाऊन दुसरं लिंग मागायचं, पण आधी तिला कॉलेजात जाऊन हलवलेल्या एकेका बाकाचा कप्पा बघायचा होता.