मोड आलेल्या नाचणीची पेज

निजामपुऱ्यातल्या एका शाळेच्या प्रयोगशाळेत तुळशीराम बावीस वर्षे परिचर होता. दरवर्षी वर्गासाठी तो तांदळाची पातळ पेज करून परीक्षानळ्यांत भरी. आयोडीनचा थेंब पडताच ती निळीकाळी होई; आधी लाळ मिसळून काही वेळ ठेवली, तर रंग उमटत नसे. तिसऱ्या नळीसाठी मात्र तो लाळ उकळून घेई. तिथे निळा रंग हटकून येई.

"काका, याची लाळ नका घेऊ, नळी फुटेल!" मुले ओरडत.

"तुझीच घेतो. तुझं तोंड दिवसभर चालूच असतं."

विज्ञान शिकवणाऱ्या माधवीबाई फळ्यावर लिहीत: लाळेतले विकर, म्हणजे एन्झाइम, हे प्रथिन, ते पिष्टाची लांब साखळी तोडून साखर करते, उकळले की त्याची घडण मोडते, मग ते निकामी. सातवीपर्यंतच शिकलेल्या तुळशीरामला हा धडा तोंडपाठ होता.

यंदा खारबावजवळच्या पाड्यावर त्याची बायको बायजाबाई अंथरुणाला खिळली. घशाच्या कर्करोगासाठी इस्पितळात तिला किरणांचे तीस शेक दिले होते. गाठ पुरती गेली नाही. लाळ मात्र आटली. भाताचा घास तोंडात कोरडाच फिरे.

"भुसा चावल्यागत लागतंय. चव न्हाय, काय न्हाय."

डॉक्टरांनी बजावले होते, सोमवारपर्यंत वजन आणखी घटले, तर पुढचे औषध देता येणार नाही.

तुळशीरामने माधवीबाईंना गाठले. मोड आलेल्या धान्यातही पिष्ट तोडणारे विकर असते, असे त्यांनी सांगितले. त्याने नाचणी भिजवली, मोड आणले, सावलीत सुकवून जात्यावर दळली. मग रटरटत्या पेजेत पीठ घालून चांगले शिजवले. कच्चे पीठ पोटाला बाधते, ही पाड्यावरची शिकवण. पेज घट्टच राहिली. दुसऱ्या चमच्याला बायजाबाईला ठसका लागला.

"गोड लागतंय का?" त्याने विचारले.

"गोड हाय," डोळे पुसत ती म्हणाली.

त्याने उरलेली चाखली. पिठूळ, अळणी.

"उकळत्यात घातलंत?" माधवीबाई दुसऱ्या दिवशी म्हणाल्या. "तुळशीराम, तिसरी नळी दरवर्षी कोण करतं?"



त्या संध्याकाळी त्याने पेज चुलीवरून उतरवली. बोट बुडवून धरवेल इतकी निवल्यावर पीठ घालून ढवळली. पाहता पाहता ती सैल झाली, ताकासारखी. त्याने चाखली, आणि खरोखर जिभेवर गोडी उतरली. बायजाबाईने सहा चमचे न ठसकता घेतले.

"आता?"

"गोड हाय." स्वर कालचाच.

तुळशीराम तिच्या तोंडाकडे पाहत राहिला. कालच्या पेजेत साखर नव्हती, आजच्या पेजेत होती, उत्तर एकच. तिची जीभ काय सांगत होती, हे तिच्या बोलण्यावरून आता कधीच कळणार नव्हते.

"आनखी घे."

"तुमी खावा. उपाशी हाव सकाळपासून."

सोमवारी वजन दीड किलोने घटलेले निघाले. औषध सुरू झाले नाही. तुळशीराम त्यानंतरही रोज पेज निववून द्यायचा आणि ती जमतील तेवढे चमचे घ्यायची. चवीचे मात्र त्याने पुन्हा विचारले नाही.