तुळसाच्या तोंडचं वाक्य

तुळसा रोवण्याला उभी राहिली की बाकीच्या बायांच्या हाताला आपोआप वेग येतो. भाताचे पऱ्हे, म्हणजे रोपं, चिखलात लावत मागं मागं सरकायचं, म्हणजे पाठ मोडून जाते. पण हिची रांग दोरी धरल्यासारखी सरळ. टोळी तिच्या शब्दावर चालते. कोणी रेंगाळलं तर तिची जीभ सुटते. एकदा रिताला म्हणाली, "काहून वं, पऱ्हे लावून राहिली का देवाले फुलं वाहून राहिली?" बिचारी रिता मग अख्खा दिवस मान वर न करता लावत राहिली.

आमचं गाव आसगावच्या बाजूला, पवनी तालुक्यात. नावं मी बदलली आहेत, गावाचं तर लिहीतच नाही. का, ते पुढं कळेल.

तुळसा इथली नाही. नत्थूचा पाय लहानपणापासून आखूड, सायकलचं दुकान, जमीन थोडकी. इकडं कोणी पोरगी दिली नाही, तेव्हा त्याच्या आईनं, कलाबाईनं, कोण्या मध्यस्थाला धरून कलकत्त्याकडून सून आणली. लग्नात आपल्याकडं नाव बदलतात, तसं कलाबाईनं तांदळात तुळसा असं नाव लिहिलं, आणि पहिलं नाव गावात कोणी विचारलंच नाही. वर्षभर ती मुकीसारखी होती, तिची भाषा गावानं कधी ऐकलीच नाही. मग जी बोलायला लागली ती आमच्यापेक्षाही अस्सल झाडीबोली बोलायला लागली. आता तिची मुलगी रुचिका भंडाऱ्याला नर्सिंग शिकते, आणि ती परकी आहे हे लोकांना नळावरच्या भांडणातच आठवतं.

मला मात्र तिनं एक गोष्ट सांगितली होती. कलाबाई वारली त्या वर्षी आम्ही दोघी तलावावर गोधड्या धूत होतो. ती म्हणाली, तिचं गाव कलकत्त्याकडचं नाहीच. त्याच्याही पलीकडं, नदीच्या पार, दुसऱ्या देशात. मावशीचा पदर धरून लहानपणी ती इकडं आली होती, कामाला. देश बदलला हेसुद्धा तिला ठाऊक नव्हतं. जन्माचा दाखला नाही, शाळा नाही, बापाचा कागद नाही. आहे ते सगळं नत्थूची बायको म्हणून. मी ते देवाजवळ ठेवलं आणि घरातही कोणाला सांगितलं नाही.

यंदा पावसाळ्याच्या तोंडावर बाहेरच्या लोकांची पडताळणी सुरू झाल्याची बोलणी निघाली. मच्छरदाण्या विकणारी दोन माणसं पोलिसांनी बाजारातून उचलून नेली म्हणे. त्यातलं खरं किती, कोण जाणे. पण तुळसानं बाजाराला जाणं सोडलं. मीठ-तेलही माझ्याकडून मागवायची.

अशात अश्वजित गावी आला. भैय्यालाल गुरुजींचा मुलगा, नागपूरला सिनेमा शिकतो. आईविना वाढलेला, सरळ पोरगा. शेवटच्या परीक्षेसाठी त्याला छोटा सिनेमा करायचा होता. त्यानं रोवण्याच्या बायांना बुद्धविहाराच्या अंगणात बसवून गोष्ट सांगितली. कुठल्याच देशाचा कागद नसलेली माणसं पहाटे शेतांतून लपत चालली आहेत, आणि एक शिपाई त्यांना अडवतो. एवढंच. पण सगळं एका दमात घ्यायचं. कॅमेरा एकदा सुरू झाला की शेवटपर्यंत थांबणार नाही. मधात कोणी शिंकलं तरी पुन्हा पहिल्यापासून. कुठं कापायचं नाही, कुठं जोडायचं नाही.

"म्हंजे आमची चूक झाकता येनार नाही," रिता म्हणाली.

"नाही झाकता येत, काकू. तेच तर पाहिजे."

बाया हसल्या. तुळसा हसली नाही. घरी येताना मी तिला म्हटलं, तू नको जाऊ, कंबर दुखते म्हण. तर म्हणाली, "साऱ्या जाऊन राहिल्या. मी एकटीच नाही म्हणन तं लोक इचारतीन ना, हिलेच काहून नाही जमत." ते मला पटलं. आपण रांगेत शेवटी राहू, पदर ओढून, तोंड उघडायचं नाही, असं तिनं ठरवलं. अश्वजितलाही तेच हवं होतं. सिनेमात बायांना एकही वाक्य नव्हतं.

वाक्यं होती ती शिपायाला, तीही दोनच. शिपाई झाला मनिष. हिवाळ्यात आपल्या झाडीपट्टीच्या नाटकांत तो खलनायक करतो आणि पब्लिक त्याच्यावर खूष असतं. त्या नाटकांत नटाला रंग चढला की तो पदरचे संवाद टाकतो, पब्लिक टाळ्या देतं, आणि संवाद लांबत जातो. हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. अश्वजितलाही ठाऊक होतं. पण इथंही तसं होईल, हे कोणाच्याच डोक्यात आलं नाही.

चार सकाळी डोक्यावर गाठोडी घेऊन नुसती चालायची तालीम झाली. तलावाच्या पाळीवरून उतरायचं, धुऱ्याच्या अरुंद बांधावरून भाताच्या बांध्यांत, गुडघाभर पाण्यातून. पाचव्या दिवशी खरं घ्यायला सुरुवात केली. दोनदा मोडलं. एकदा रिता घसरली, एकदा कोणाचं कुत्रं रांगेत शिरलं. तिसऱ्यांदा असं जमून आलं की मला स्वतःलाच भीती वाटायला लागली. कोणी बोलत नव्हतं, नुसता पाण्याचा आवाज. मनिषनं आडवं येऊन अडवलं, आपली दोन वाक्यं टाकली. इथं संपायचं होतं. पण कॅमेरा जवळ आलेला पाहून त्याला रंग चढला. तो रांगेच्या शेवटी गेला, तुळसाच्या डोक्यावरचं गाठोडं हिसकलं, त्याबरोबर पदरही घसरला, आणि तो ओरडला, "घर कहाँ है तेरा? बोल!"

तिनं मान वर केली आणि आपल्या बंगालीत बोलली.

"आमार बाडी नोदीर ओपारे."

माझं घर नदीच्या पार, तलावावर मला सांगितलं होतं तेच. आणि पुढं त्या गावाचं नाव सांगितलं.

ती ओरडली नाही, रडली नाही. देवळात कोणी नाव-गोत्र विचारल्यावर सांगावं, तसं सांगितलं. कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर होता. अश्वजितनं तो हलवला नाही. मग "झालं" म्हणाला, आणि बाया टाळ्या वाजवायला लागल्या. मनिषनं तर तिच्या पायाला हात लावला. म्हणाला, मावशी, तुम्ही आमच्या कंपनीत चला.

तिचे ओठ पांढरे पडले होते. ते फक्त मी पाहिलं.

दुपारी आम्ही दोघी अश्वजितकडं गेलो. तो संगणकासमोर बसून तेच पाहत होता, पुन्हा पुन्हा. आम्हाला पाहून आनंदानं उठला. तुळसा म्हणाली, "बाबू, माह्यं बोलनं काढून टाक." तो समजावायला लागला, की काकू, हे एकसलग आहे, कापलं तर काहीच उरत नाही. तो आवाज त्याला कुठूनही मिळाला नसता. मी म्हटलं, मग सगळंच काढ. तो हसला, मग त्यानं तिच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. त्यानं काही विचारलं नाही. आपण उद्या परत घेऊ, म्हणाला. आम्ही बसलो होतो तिथंच, आमच्यासमोर त्यानं ते पुसून टाकलं.

भूपेंद्रचं मात्र कोणाच्याच ध्यानात नव्हतं. सरपंचाचा पुतण्या, तो पाळीवर उभा राहून आपल्या मोबाईलवर गंमत म्हणून शूटिंग घेत होता. संध्याकाळी देवाजवळ दिवा लावून मी उठले, तर माझी पोरगी मोबाईल घेऊन आली. तुळसाचा चेहरा, तिचं वाक्य, आणि खाली भूपेंद्रनं लिहिलेलं, आमच्या गावची हिरोईन. त्याला तरी काय माहीत. मी जाऊन त्याला ते काढायला लावलं, पण तोवर ते आसगावला गेलं होतं, पवनीला गेलं होतं.

दोन दिवसांनी नत्थूच्या दारात पोलिसांची मोटरसायकल उभी राहिली. एक हवालदार, मागं एक पोलीस बाई. तुळसा अंगणात तांदूळ पाखडत होती. मी गेले, रिता आली, बघता बघता अंगण भरलं. हवालदार वाईट माणूस नव्हता. पाणी प्यायला, मग मोबाईल पुढं करून विचारलं, ही भाषा तुला कशी येते.

नत्थू आखूड पाय ओढत पुढं सरकला. तेवढ्यात गर्दीतून अश्वजित पुढं झाला. धावत आला होता.

"तो डायलॉग हाये साहेब. मीच लिहून देल्ला. इंटरनेटवरून काढला."

"असं? मंग म्हनून दाखव वं बाई."

मी डोळे मिटले आणि नाम घेत राहिले.

"आमार," तुळसा म्हणाली. आमच्या इकडची कोणी बाई म्हणेल, तसंच. मग पदर तोंडाशी धरून हसली. "आमार... बाडी... नदीचा..." थांबली. आणि अश्वजितकडं वळून म्हणाली, "पुढं काय हाये रे बाबू? भुललो मी."

त्याला बंगालीचं अक्षर येत नव्हतं. पण ते दृश्य त्यानं इतक्यांदा पाहिलं होतं की कानात बसलं होतं.

"नोदीर ओपारे, काकू. कितीदा घोकून घेतलं तुमच्याकडून!"

"हौ, तेच. नदी... ओपार." आणि गावाचं नाव तिनं असं काही मोडलं की ते इकडच्याच एखाद्या टोलीचं, वस्तीचं वाटावं. रिता खिदळली. तिला काहीच माहीत नव्हतं, पोरानं हिला घोकवलं असेल असंच वाटलं, ती खरीच हसली, आणि तिच्या हसण्यानं बाकीच्याही हसल्या. पोलीस बाईही हसली.

"सिनेमात जाते म्हनते," हवालदार म्हणाला. "पाठांतर कर आधी." मग जाता जाता नत्थूला म्हणाला, की तरी माहेरचा काही कागद असला तर ठाण्यात आणून दाखव, वरून विचारणा आहे. कधी, ते सांगितलं नाही.

अंगण रिकामं झालं. तुळसानं सूप उचललं आणि उरलेले तांदूळ पाखडले.

अश्वजितनं दुसऱ्यांदा सिनेमा घेतला. तुळसा त्यात नव्हती, कंबरेचं निमित्त सांगितलं. परीक्षेत तो पास झाला एवढंच कळलं. कागदासाठी रुचिकानं भंडाऱ्यात एका वकिलाला विचारलं, पण त्यानं जे प्रश्न विचारले त्यांची उत्तरं तिला आईकडून पहिल्यांदाच कळली. ती सुटीत आली तेव्हा मायलेकी दिवसभर एकमेकींशी बोलल्या नाहीत. मोटरसायकलचा आवाज आला की नत्थू अजून दुकानातून उठून उभा राहतो.

धान निसवून लोंब्या दिसायला लागल्या तेव्हा अश्वजित गावी आला आणि तुळसाला भेटायला गेला. मी तिथंच होते. तिनं चहा केला. मग म्हणाली, ते पहिलं घेतलेलं कुठं ठेवलेलं आहे का. तो म्हणाला, तुमच्यासमोरच पुसलं ना काकू, आता कुठंच नाही. भूपेंद्रचं ज्यांच्या मोबाईलवर असेल, त्यांना मागायची तर सोयच नव्हती.

"बरं केलं," ती म्हणाली. मग सांगितलं, की त्या दिवसापासून तोंडात ते वाक्य मोडकंच येतं. बांधीत एकटी असताना म्हणून पाहते, तर हवालदारासमोर म्हटलं तसंच निघतं. मायचा आवाज आठवून पाहते, तर तोही तसाच मोडका ऐकू येतो. "गावाचं नाव तं येतच नाही बाबू. जीभ तिथंच अडते."

अश्वजितनं चहा खाली ठेवला.

"तुह्या ध्यानात हाये ना अजून?" तिनं विचारलं.

त्यानं हो म्हणून मान हलवली.

भर दुपार होती. ती उठली, रस्त्यावर इकडं-तिकडं पाहिलं, दार लोटून कडी घातली, आणि त्याच्यासमोर येऊन बसली.

"बोल," म्हणाली. "हळू बोलजो."