आप्पांच्या फोनवरचे निरोप

आप्पांचा तेरावा झाला आणि मी पुण्याला परत गेलोच नाही. कंपनी म्हणाली, काही दिवस घरूनच काम कर. ईट या आमच्या गावी घराच्या ओसरीवर बसून लॅपटॉप उघडायचा, सांगितलं तेवढं करायचं, मिटायचा. लोक भेटायला यायचे, वडिलांबद्दल चांगलं बोलायचे. मी मान हलवायचो. मला काहीच वाटत नव्हतं. एकदा आईनं भाजीत मीठच घातलं नव्हतं, तेही मला कळलं नाही; ती स्वतः जेवायला बसल्यावर तिनंच सांगितलं.

आमचं सॉफ्टवेअर जनावरांच्या लसीकरणाचं. गावात शिबिर ठरलं की गाय-म्हशीच्या मालकाला मेसेज जायचा. सॉफ्टवेअर चालायचं क्लाउडवर, म्हणजे भाड्यानं घेतलेल्या दुसऱ्यांच्या संगणकांवर, आणि मेसेज पाठवायची यंत्रणा तिसऱ्याच कंपनीची. त्यामुळं दर मालकामागं आमच्या कोडला बाहेर त्या कंपनीकडं 'एवढा मेसेज पाठव' अशी एक विनंती धाडावी लागायची.

एका मंगळवारी सकाळी आई आप्पांचा फोन घेऊन आली. तो ती रोज चार्जिंगला लावायची. का, हे मी विचारलं नव्हतं.

"ह्याच्यावर सारखं कायतरी यायलंय बघ."

"जाहिरात असंल."

"न्हाय. गायीचं हाय."

सोमवारी दवाखान्यात शिबिर आहे, गाय घेऊन या, असा मेसेज होता. तोच, तासातासाला. शिबिर तर होऊनही गेलं होतं, आणि गाय आम्ही आप्पांच्या आजारपणातच विकली होती. मेसेज आमच्याच सॉफ्टवेअरचा होता.

मी लॉग, म्हणजे कोडनं काय काय केलं त्याची नोंद, उघडला. ज्यांना मेसेज गेला नाही त्यांच्यासाठी कोड तासातासाला चालायचा, आणि दर वेळी तीच चूक पडलेली. त्या क्लाउडवर कोडला एका खेपेत बाहेर शंभरच विनंत्या करता येतात. ईटमध्ये जनावरांचे मालक त्याहून कितीतरी जास्त. शंभर भरल्या की क्लाउड कोड तिथंच बंद पाडायचा. 'मेसेज गेला' ही खूण सगळं संपल्यावर एकदमच लागायची, म्हणजे ती कुणाच्याच नावापुढं लागत नव्हती. मग पुढच्या तासाला कोड पुन्हा पहिल्या नावापासून सुरू. वरच्यांना तेच ते, खालच्यांना एकदाही नाही. आणि सगळ्यात वर आप्पा. पोरगा तिथं कामाला म्हणून गावात पहिली नोंदणी त्यांनीच केली होती.

मी पुण्याला आमच्या टीमच्या मॅडमना फोन लावला.

"मर्यादा वाढवून मिळंल का?"

"नाही मिळत. एकाच क्लाउडवर कितीतरी कंपन्या असतात. एकानंच सगळी जागा अडवू नये म्हणून ती ठेवलेली आहे. कामाचे तुकडे कर, आणि खूण प्रत्येक तुकड्याला लाव." मग त्या म्हणाल्या, "जमेल ना तुला? नाहीतर दुसऱ्या कुणाला सांगते."

"करतो."

फोन ठेवतोय तोच मागच्या गल्लीतल्या काकू आल्या. मी सॉफ्टवेअरवाला, हे गावाला ठाऊक होतं.

"आमाला निरोपच न्हाय आला. माझ्या जावंला मात्र येतच ऱ्हायला म्हणं."

"काकू, तुमचं नाव यादीत खाली हाय. तितवर जायच्या आतच काम बंद पडायचं."

"मग आता माझ्या गायीचं काय?"

मी चप्पल घालून जनावरांच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "निम्मीच जनावरं आली. मला वाटलं, लोकांनाच पर्वा नाही. शुक्रवारी शिबिर परत घेऊ."

घरी येऊन कोड लिहायला बसलो. मालकांचे लहान लहान गट केले. एक गट संपला की त्याच्यापुरती खूण लागेल आणि मगच पुढचा सुरू होईल. दुपारनंतर ते चालायला लागलं. मेसेज सोडण्याआधी ज्यांच्याकडं जनावरच उरलं नाही ती नावं काढायची होती. आई तूर निवडत होती.

"आप्पांचं नाव काढू का? गाय न्हाय आता."

तिचे हात सुपातच थांबले. "काढ की. लोकांची जनावरं ऱ्हायलीत." मग पुन्हा खडे वेचत म्हणाली, "फोन वाजला की घरात कुणी असल्यावानी वाटायचं. एवढंच."

खरंच काढायचं का, असं स्क्रीननं विचारलं. मी हो म्हणालो. नाव गेलं. मला रडू येईल असं वाटून मी थोडा वेळ तसाच बसून राहिलो. आलं नाही. मग शुक्रवारचे मेसेज सोडले. गट एकामागून एक पुरे होत गेले, अगदी शेवटच्या नावापर्यंत.

शुक्रवारी दवाखान्यापुढं जनावरांची रांग लागली. काकूंची गाय बुजरी होती, कुणाला जवळ येऊ देईना. डॉक्टरांनी मला बोलावलं. मी दावं आवळून तिची मान अंगाशी धरली.

"तुझा बाप असता तर सकाळपासनं हितंच असता," काकू म्हणाल्या.

"व्हय," मी म्हणालो.

सुई टोचली तशी गाय सगळी शहारली. तिच्या अंगाची ऊब मला लागली. काकूंनी दावं हातात घेतलं आणि तिला घेऊन गेल्या, आणि डॉक्टरांनी पुढची म्हैस आणायला सांगितलं.