मडक्यातली आणि पोटातली

जतकडच्या माणसांच्या पोटात कोणते सूक्ष्म जीव राहतात, ते तपासायला मी साताऱ्याहून शौचाच्या नमुन्यांसाठी रिकाम्या डब्या घेऊन गेलो होतो. डबी कशाला ते सांगितलं की लोक हसायचे, दार लावून घ्यायचे. एक मेंढपाळ बाई मात्र हसली नाही. मेंढरांना कानडीत दरडावत तिनं सगळं ऐकलं.

तिचे हात चालूच होते. ज्वारीच्या आंबवणाचं मडकं तिनं उपसलं, पण तळाशी घोटभर ठेवलं. त्यावर नवं पीठ-पाणी घातलं आणि फडकं बांधलं.

"दिसत न्हाईत, पर हायती ह्यात," ती म्हणाली. "रोज जेवाय घातलं तर ऱ्हात्यात."

माझ्या दोन पदव्यांचा अभ्यास तिनं त्या फडक्याच्या गाठीत बांधून टाकला.

दुसऱ्या दिवशी तिनं भरलेली डबी बिनदिक्कत हातात दिली. ती पिशवीत ठेवून मी बिस्किटांचा पुडा फोडला. तीन दिवस माझं हेच जेवण, मी तिला म्हणालो. तिनं पुडा काढून घेतला आणि त्याच मडक्यातल्या आंबलीचा तांब्या पुढं केला.

"आमच्या पोटातल्यांची लय चौकशी केली, साहेब. तुमच्या पोटातली तीन दिस उपाशी हायती, त्यांचं कोण बघणार?"