दसऱ्याचा ओला धागा

बालाघाटात बसस्टँडच्या मागे माझं शिवणकामाचं दुकान, आणि त्याला लागून घनश्यामचं रेडिओ दुरुस्तीचं. हा माणूस इतका भित्रा होता की त्याच्यासोबत चहा प्यायचीही चोरी. रेडिओ उघडला की डावा हात पँटच्या खिशात. दोन्ही हात कधी एकदम आत घालायचा नाही. पायाखाली कोरडी फळी हवीच. रेडिओ बंद करून तासभर झाला असला, तरी आधी तारेनं त्याच्या पोटातली वीज काढून टाकणार आणि मगच बोट लावणार. मी चिडवायचो, "लेका घनश्याम, रेडिओ हाय तो, वाघ नाही."

"वाघ गुरगुरते तरी," तो म्हणायचा. "हा चुपचाप धरते."

ही शिस्त तो उकव्याच्या खाणीवर शिकला होता. लग्नाआधी तिथं एका म्हाताऱ्या वायरमनच्या हाताखाली होता. हत्यार घ्यायला गेला की दुकानदाराचा जीव खायचा. पेचकस घेताना चकचकीत दांडा पाहायचा नाही. दांड्यावरून नख फिरवून चीर शोधायचा. पात्याचं लोखंड दांड्यातून आरपार गेलेलं दिसलं की परत ठेवायचा. ढिल्या दांड्याची पक्कड फुकट दिली तरी नको. नागपूरहून आणलेल्या एका काळ्या दांड्याच्या पेचकसाला तर तो कुणाला हात लावू देत नसे. मला याचा राग यायचा, खोटं कशाला बोलू. साधं माझ्या मशीनचा स्क्रू पिळायलाही देत नसे.

त्याची बायको अनुसया लांजीकडची. नवऱ्याचं काम तिला पहिल्यापासून आवडत नव्हतं. सदुसष्ट सालच्या दसऱ्याला तिनं हत्यारांची पूजा स्वतः मांडली. पेचकस, पक्कड, सोल्डरिंगची सळई, सगळं पाण्यानं धुतलं, ओली हळद माखली, कुंकू लावलं आणि प्रत्येक दांड्याला लाल धागा बांधला. त्या काळ्या पेचकसाला जास्तच. पात्यापासून मुठीपर्यंत वेढे दिले. नवरा सुखरूप राहावा म्हणूनच, दुसरं काय.

मी तिच्या हातची पुरणपोळी खायला गेलो होतो, तेवढ्यात नथ्थू धापा टाकत आला. नथ्थू बौद्ध वॉर्डातला. त्यांच्याकडे दसरा म्हणजे धम्मदीक्षेचा दिवस. मांडव भरला होता, लांजीहून दुर्गाबाई भाषणाला आल्या होत्या, आणि भोंग्याचा अँप्लिफायर मुका झाला होता.

"चाल ना बापा," नथ्थू म्हणाला. "बुढीचा आवाज पहिल्या रांगेच्या पुढे जात नाही. गावोगावचे लोक येऊन राह्यले."

"आज हत्यारं उठवाची नाही," अनुसया म्हणाली. "देवापुढे हायेत."

घनश्यामनं नथ्थूकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "लोकं बसले हायेत, अनुसया."

तिनं स्वतःच हत्यारं पिशवीत भरून दिली, पण दारात आडवी उभी राहिली. "धागा काढू नका. तेवढं तरी ऐका."

घनश्यामनं तो पेचकस हातात घेतला. धागा ओला होता. मला शिंप्याला त्यातलं काय कळणार? पण त्याला कळत होतं. त्याचं नख धाग्याच्या गाठीवर गेलं आणि थांबलं. त्यानं बायकोचा चेहरा पाहिला, "हौ" म्हणाला आणि निघाला. मीही मागोमाग गेलो.

मांडवात सडा टाकलेला. घनश्यामनं फळी मागितली, तीवर उभा राहिला, डावा हात खिशात घातला. अँप्लिफायरचं झाकण काढलं. नथ्थूला बटणापाशी उभं केलं आणि बजावलं, "मी बंद म्हणतो तवा बंद कराचं. मधात हात लावाचा नाही. मलेही नाही."

"हौ."

बिघाड कुठं आहे ते शोधायला मशीन चालू ठेवावी लागत होती. पेचकसाचं टोक एकेका जागी टेकवायचं, भोंगा गुरगुरला की ती बाजू चांगली. एक जागा झाली. दुसरी झाली. भोंगा गुरगुरला तशी पोरं टाळ्या पिटू लागली. लोक पुढे सरकले. घनश्यामनं तिसऱ्या जागी टोक टेकवलं.

भोंग्यातून खाडकन आवाज आला, आणि घनश्याम तसाच राहिला.

मला वाटलं, कान लावून ऐकतोय. मग त्याची मूठ दिसली. बोटं पांढरी पडली होती, कोपर मशीनच्या लोखंडी कडेला चिकटलं होतं. तोंड उघडं, आणि आतून आवाज नाही. नथ्थू बटणावर हात ठेवून त्याच्या तोंडाकडे पाहत होता. सांगितल्याप्रमाणे शब्दाची वाट पाहत होता!

"बंद कर ना रे, काय पाहून राह्यला!" दुर्गाबाई मंचावरून ओरडल्या. त्या वेळी भोंग्याची गरजच पडली नाही.

बटण बंद झालं. घनश्याम फळीवरून घसरून खाली बसला. हळदीच्या पिवळ्या पाण्यात भिजलेला धागा त्याच्या मुठीत होता. त्यातूनच वीज बोटांत शिरली आणि कोपरातून बाहेर पडली होती. डावा हात अजून खिशातच होता. म्हणूनच ती छातीतून गेली नाही, हे त्यानं मला नंतर समजावलं. तेव्हा तो फक्त थरथरत होता, आणि मी त्याला घाणेरड्या शिव्या देत होतो.

दम खाऊन त्यानं धागा तोडला, दांडा कोरडा पुसला आणि सुटलेली तार सळईनं डागून दिली. दुर्गाबाईंचं भाषण झालं. नथ्थू शेवटपर्यंत घनश्यामशेजारी बसून होता.

घरी जाताना मी म्हणालो, "अनुसयेले सांगू नको. जीव जाईल तिचा. हात घसरला म्हण."

त्याच्या मनातही तेच असावं. पण गल्लीच्या तोंडाशी तो थांबून म्हणाला, "नाही सांगतलं तं पुढच्या दसऱ्याले अखीन बांधन."

अनुसया दारातच होती. त्याच्या कोपरावरचा काळा डाग तिनं लगेच पाहिला. त्यानं आडवळण घेतलं नाही. "धागा ओला होता. त्यातून करंट आला. मले घरूनच दिसलं होतं."

ती उंबरा ओलांडून पुढे आली. "दिसलं होतं? मंग काहून नाही तोडला?"

"तुले वाईट वाटलं असतं."

मला वाटलं, आता ही रडेल. ती रडली नाही. तिचा आवाज इतका चढला की शेजारच्या मैनाबाई अंगणात आल्या.

"मले वाईट वाटलं असतं! अन् तिथून तुम्हाले खाटेवर आणलं असतं, तं मले काय वाटलं असतं?"

तिनं त्याचा भाजलेला हात दोन्ही हातांत घेतला, आणि मग कुठं तिला रडू फुटलं.